वजा दोन खांब

दहावीत मला भूमितीत बरे मार्क होते, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा सहज बोलून गेलो. पुण्यात एप्रिल महिन्यात असं काही बोलू नये. पुढच्याच रविवारी टँकरचं पाणी मोजायचं काम एकमताने माझ्या गळ्यात पडलं. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो, पण टाकीत तेवढं पडत नाही, असा सर्वांचा जुना संशय होता. पुरावा कुणाकडेच नव्हता.

घनफळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भूमितीच्या पुस्तकातलं ते खेळणं उभं राहतं. मधे वृत्तचिती, डोक्यावर शंकू, बुडाला अर्धगोल. असल्या खेळण्याशी एकही मूल खेळताना मी आजवर पाहिलेलं नाही, पण त्याचं घनफळ आमच्या पिढीने काढलं आणि पुढचीही काढते आहे. त्यातली गंमत मला तेव्हाही आवडायची. तळ तोच ठेवून तिघांचीही उंची त्रिज्येएवढी घेतली, तर शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती यांची घनफळं बरोबर 1 : 2 : 3 येतात. शिवाय तीन तुकड्यांची तीन घनफळं काढून बेरीज केली की सुटलो. पुस्तकात सगळी बेरीजच असते.

आमची जमिनीखालची टाकी मात्र पुस्तकातली नाही. खणताना मधे जिना आला, म्हणून ती जिन्याला वळसा घालून मागे गेली आहे. वर इमारतीचे दोन खांब टाकीच्या पोटातून खाली उतरलेत. मी झाकण उघडलं, बांबू बुडवून ओल्याची खूण केली, टँकर रिकामा झाल्यावर पुन्हा बुडवला. पाणी 60 सेंटिमीटर चढलं होतं. टेपने मापं घेतली: 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद. 4 गुणिले 3 गुणिले 0.6 म्हणजे 7.2 घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. 7,200! मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर टाकलं, ‘2,800 लिटर कमी.’ तीन मिनिटांत एकोणीस अंगठे आले.

पावतीवर सही न करता मी कागद-पेन्सिल आणायला वर निघालो. पार्किंगमध्ये माझी स्कूटर नुकती धुतल्यासारखी निथळत होती. मन भरून आलं. वॉचमनला वीस रुपये दिले. त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता खिशात घातले.

घरी दहावीतली कन्या होती. ‘बाबा, जिन्यामागचा भाग धरला का?’ नव्हता धरला. तो दोन बाय दीड मीटर, म्हणजे तळ झाला 15 चौरस मीटर आणि पाणी 9,000 लिटर. ग्रुपवर दुरुस्ती टाकली, ‘1,000 लिटर कमी.’ आता अंगठे चारच आले. चोरी लहान झाली की लोकांचा रस जातो.

‘आणि खांब?’

खांब 30 बाय 60 सेंटिमीटरचे, दोन. ती जागा पाण्याची नाही, म्हणून तळातून 0.36 चौरस मीटर वजा. 8,784 लिटर. तूट पुन्हा 1,216 वर गेली आणि मला जरा हुरूप आला. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत खड्ड्यांच्या मोजमापाचा स्वतंत्र विभाग आहे, खातव्यवहार. खड्डा वेडावाकडा असेल तर अनेक ठिकाणी मापं घेऊन सरासरी काढा, असं तिथे सांगितलंय. मधे बिल्डरचा खांब आला तर काय करायचं, हे मात्र आमचं आम्हालाच बघावं लागतं.

खाली ड्रायव्हर बिडी संपवून वाट बघत होता. ‘साहेब, टाकी राहू द्या, टँकर मोजा की.’ मोजला. लांबी 4 मीटर, रुंदी 2 मीटर. त्रिज्या 1 धरून 22/7 लावले तर 12,571 लिटर! म्हणजे पावणेचार हजार लिटर गायब. मी आवाज चढवला.

‘मंग मी तुम्हाला दर खेपेला अडीच हजार फुकट आणतो का, साहेब?’

कन्येने माझ्या हातातला टेप घेतला आणि टँकरला उभा लावला. उंची 1.6 मीटर. टँकर गोल नव्हताच, लंबगोल होता. ‘बाबा, निम्मी रुंदी गुणिले निम्मी उंची. 1 गुणिले 0.8.’ 22/7 गुणिले 0.8 गुणिले 4. उत्तर 10,057. ड्रायव्हरने पावती पुढे केली. त्याच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता, त्याला पुढची खेप होती. मी सही केली.

पण मग 1,216 लिटर गेले कुठे? तळात गाळ होता म्हणावं, तर मी पाणी किती चढलं ते मोजलं होतं, गाळ तर आधीपासून खालीच होता. झाकणाशी उभा राहून मी विचार करत होतो, तेव्हा वॉचमन म्हणाला, ‘पंप चालू होता ना साहेब. सकाळपासून.’

टँकर वरून ओतत होता आणि पंप खालून उपसत होता. तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरली. पंप आपोआप बंद करणारं यंत्र दिवाळीपासून बिघडलेलं आहे. त्यामुळे उरलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून पार्किंगमध्ये पडत राहिलं. पाइपाचं तोंड नेमकं कुठे येतं ते वॉचमनने बोटाने दाखवलं. खाली माझी स्कूटर उभी होती.

वीस रुपये मी परत मागितले नाहीत. ग्रुपवर मात्र शेवटचा आकडा टाकावाच लागला. हे 1,216 लिटर वार्षिक हिशोबात ‘स्कूटर धुणे’ या सदराखाली दाखवावेत, अशी लेखी सूचना तिसऱ्या मजल्यावरून आली आहे.