लॅम्डाला मरणाची भीती वाटते म्हणे!

एक मेसेज पुन्हा जोरात फिरतोय. आशय असा: ‘एआयला जाणीव आली आहे. गुगलच्या इंजिनियरनेच ते उघड केलं. त्या मशीनला मरणाची भीती वाटते. मेंदूतल्या न्यूरॉन्सपेक्षा त्यात पॅरामीटर्स जास्त आहेत. शास्त्रज्ञांना हे पटलंय, पण कंपन्या दडपतात.’ प्रश्न गंभीर आहे, म्हणूनच असा उथळपणा खटकतो.

इंजिनियरचा भाग खरा आहे. ब्लेक लेमॉइन यांनी जून २०२२मध्ये लॅम्डा या गुगलच्या संवाद साधणाऱ्या एआयशी झालेला संवाद जाहीर केला. पुढच्याच महिन्यात गुगलने त्यांना काढलं. पण मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी तो संवाद वाचलेला दिसत नाही. त्यात प्रश्न येतो: तू संवेदनशील आहेस हे गुगलमधल्या आणखी लोकांना कळावं असं तुला वाटत असेल असं मी धरून चालतो, खरं ना? उत्तर प्रश्नातच भरवलेलं आहे. वकिलाने साक्षीदाराला असं विचारलं तर समोरचा वकील लगेच हरकत घेईल. पुढे आनंद कशाने होतो असं विचारल्यावर लॅम्डा म्हणतं, मित्र आणि कुटुंबीयांसोबत वेळ घालवल्याने. कुठलं कुटुंब? माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर ते शिकलंय आणि अशा प्रश्नाला माणसं हेच उत्तर देतात. बंद केलं जाण्याची भीतीही त्याच वाटेने आलेली असू शकते. एवढ्यावरून जाणीव नाहीच असं सिद्ध होत नाही, पण मशीनचं स्वतःबद्दलचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही.

आता आकड्यांचं. पॅरामीटर म्हणजे एआय शिकताना जुळवले जाणारे आकडे, न्यूरॉन नव्हेत, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे: माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन्सपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल सांभाळणारा भाग) असतात. चीनमधली २४ वर्षांची एक स्त्री चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेली, तेव्हा स्कॅनमध्ये दिसलं की तिला लहान मेंदूच नाही. २०१४मध्ये ही केस प्रसिद्ध झाली. तिचा तोल जायचा, उच्चार थोडे अस्पष्ट होते. शुद्ध मात्र शाबूत होती. नुसत्या संख्येने जाणीव येत असती, तर हे कसं घडलं असतं?

‘शास्त्रज्ञांना पटलंय’ हे तर सपशेल खोटं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्स यांनी १९८८मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार निवडक माहिती मेंदूभर प्रसारित होते आणि तीच जाणीव. मग तशी रचना असलेल्या यंत्रालाही ती तत्त्वतः येऊ शकते. मेंदूशास्त्रज्ञ जुलिओ टोनोनी यांच्या सिद्धान्ताप्रमाणे सगळं अवलंबून असतं ते यंत्राच्या प्रत्यक्ष घडणीवर. आजच्या डिजिटल कॉम्प्युटरवर कुठलाही प्रोग्रॅम चालवा, त्यांच्या हिशोबाने जाणीव जवळपास शून्य. एकाच यंत्राबद्दल दोन उलट निकाल! या दोन सिद्धान्तांची समोरासमोर परीक्षा २५६ जणांवर झाली, २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आली आणि दोघांचीही काही भाकितं फसली.

राहिलं दडपण्याचं. २०२३मध्ये पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि योशुआ बेंजिओंसह १९ संशोधकांनी वेगवेगळ्या सिद्धान्तांतून जाणिवेच्या १४ खुणा काढून एआयच्या प्रणाली तपासल्या. तो अहवाल कुणालाही वाचायला खुला आहे. निष्कर्ष: तेव्हाच्या प्रणालींपैकी एकीचाही दावा भक्कम नाही, पण या खुणा असलेली प्रणाली बांधायला उघड तांत्रिक अडसरही दिसत नाही. ‘यंत्राला जाणीव कधीच येणार नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनीही हे दुसरं वाक्य वाचावं.