सॉफ्टवेअरला डिस्चार्ज

डॉक्टरकीतला सगळ्यात गुणी पेशंट म्हणजे दवाखान्याच्या सॉफ्टवेअरच्या डेमोतला पेशंट. त्याला जन्मतारीख पाठ असते, दुखतं एकाच जागी, आणि तो जे सांगणार ते यादीत आधीच लिहिलेलं असतं. नाशिकला सिडकोतल्या आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये असा पेशंट अजून फिरकलेला नाही. आमचा दारातूनच सुरू होतो : कणकण परवापासून आहे, पण त्याआधी मालेगावच्या लग्नात जेवण जरा जास्तच झालं होतं. मालेगावच्या लग्नासाठी कुठल्याच सॉफ्टवेअरात रकाना नाही, आणि निदान बहुतेक वेळा तिथेच असतं.

जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी वर्षाची फी वाढवली आणि फोन उचलणं कमी केलं, तेव्हा बदलायचं ठरलं. आम्ही तीन डॉक्टर बसलो. बालरोगवाल्या मॅडमना लसीकरणाचं वेळापत्रक हवं, हाडवाल्या सरांना एक्स-रे मोठा करून बघायचा, आणि मला प्रिस्क्रिप्शनवर ‘जेवणानंतर अर्धी गोळी’ एवढं मराठीत छापून मिळालं तरी पुरे. सकाळी दहापासून बाहेर टेबलावर बसून जे प्रत्यक्ष ते चालवणार, त्या आमच्या कंपाउंडर काकांना मात्र कुणी बोलावलं नाही. दवाखान्यात सॉफ्टवेअर निवडणारा एक आणि सोसणारा दुसरा, ही प्रथा बहुधा सगळीकडे आहे.

मग इस्त्रीचे शर्ट येऊ लागले. कॉलेज रोडवरून एक, पुण्याहून दोन. सगळ्यांचं पहिलं वाक्य ‘क्लाउड’ आणि दुसरं ‘आभा’. आभा म्हणजे तो चौदा आकडी आरोग्य क्रमांक. २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून त्याचा बोलबाला. अमेरिकेत २००९च्या कायद्याने डॉक्टरांनी संगणकावर नोंदी ठेवाव्यात म्हणून सरकारनेच त्यांना पैसे दिले होते. ही माहिती मी एका इस्त्रीच्या शर्टाला सांगितली, तर तो म्हणाला, “मॅम, आम्ही पहिला महिना फ्री देतो ना.”

दर डॉक्टरमागे दर महिना इतके, एसएमएसचे वेगळे, ट्रेनिंगचे वेगळे. आणि जुना डेटा? “तो आम्ही आणून देऊ, मॅम. एका क्लिकवर.”

क्लिक आमच्याकडून झालं, डेटा जुन्या कंपनीकडून येईना. भरती झालेल्या पेशंटने कागद मागितले तर डॉक्टरने ते ७२ तासांत द्यावेत, असा २००२चा नियम आम्हाला लागू आहे. आम्ही आमचेच कागद मागितले, तेव्हा कळलं की त्या कंपनीत ॲडमिशन चोवीस तास चालू असतं, डिस्चार्जचा काउंटर मात्र बांधलेलाच नाही. शेवटी त्यांनी पाठवल्या त्या प्रत्येक पेशंटच्या वेगवेगळ्या पीडीएफ. बघायला सुरेख, पण नव्या सिस्टिमच्या लेखी तो पेशंटचा फोटो. एका सिस्टिममधली नोंद दुसरीला वाचता यावी म्हणून सरकारने २०१३मध्ये मानकं काढली, २०१६मध्ये सुधारली. ती आमच्या गल्लीपर्यंत पोचायची होती.

पुष्कळ आर्जवं केल्यावर एक्सेलची फाइल आली. ‘सुनीता’, ‘सुनिता’ आणि ‘सौ. सुनीताताई’ या एकाच बाईंच्या तीन फाइली झाल्या. जुन्या फॉन्टमधल्या मराठी सूचना मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारख्या दिसत होत्या. आणि डोस! आपण ‘सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक’ हे १-०-१ असं लिहितो. ते एक्सेलच्या तावडीतून सुटलं, कारण शून्य नावाचा महिना नसतो. पण तीन वेळच्या गोळ्या, म्हणजे १-१-१, एक्सेलने प्रेमाने १ जानेवारी २००१ करून टाकल्या. खोकल्याच्या औषधापुढे तारीख बघून हाडवाले सर म्हणाले, “एक्सपायरी असेल.”

जन्मतारखांची वेगळी गंमत. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा जन्म गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर १ जूनला लावून दिलाय. नव्या सिस्टिमने त्या दिवशी निम्म्या सिडकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या. दवाखान्याच्या नावाने मेसेज आला की माणूस घाबरतो. दिवसभर फोन : “मॅडम, रिपोर्टमध्ये काही निघालं का?”

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट एकच. नाव, वय, मोबाइल आला. ‘शेरा’ या रकान्यातला मजकूर आलाच नाही. आणि ॲलर्जी आम्ही वर्षानुवर्षं तिथेच लिहीत होतो, कारण जुन्या सिस्टिममध्ये तिला दुसरी जागा नव्हती. एका आजोबांना मी पेनिसिलिनच्या जातीचं औषध लिहिणार, स्क्रीन हिरवीगार, तेवढ्यात पडद्याआडून काका : “मॅडम, यांना ते चालत नाही. मागे अंगभर गांध्या उठल्या होत्या.” काकांनी हे कुठे बघितलं? टेबलाच्या खणात. सॉफ्टवेअर आल्यापासून ते एक रजिस्टर गुपचूप लिहीत होते, ॲलर्जी लाल पेनाने.

मग मात्र नव्या कंपनीच्या मुलाला पुन्हा बोलावलं आणि या वेळी काकांना त्याच्यासमोर बसवलं. काकांनी चष्मा लावून दोनच गोष्टी विचारल्या. ॲलर्जी कुठे दिसते, आणि उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमचे पेशंट कशात बांधून देणार? ते लिहून द्या. मुलगा म्हणाला, “काका, हे आजवर कुणी विचारलंच नाही.” ते लिहून देईपर्यंत पुढचा हप्ता थांबवायचा, असं तिथेच ठरलं.

त्याच आठवड्यात काकांनी मेन रोडवरून दोन जाड रजिस्टरं आणि लाल पेनांचा डबा आणला. बिल त्यांनी ‘सॉफ्टवेअर देखभाल’ या खात्यात टाकलंय, आणि सीएंनी अजून हरकत घेतलेली नाही.