‘ट्रायल थांबली, गोळ्या फेका’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘औषधांच्या चाचण्या मध्येच का बंद पडतात? तुमच्यापासून लपवलेलं सत्य’ असा मथळा, लाल अक्षरं आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा’. हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तो घरातल्या अशा माणसापर्यंत पोचला जो स्वतः एका चाचणीत गोळ्या घेतोय, आणि त्याने विचारलं, ‘‘मग मी आजपासून बंद करू का?’’ आता उत्तर द्यावंच लागेल.

मजकुरातले सहा दावे थोडक्यात असे. मुदतीआधी थांबलेली चाचणी म्हणजे माणसं मेली. थांबवायचं की नाही हे कंपनी एकटी ठरवते. औषध लागू पडतंय दिसलं की रोग टिकावा म्हणून कंपन्या मुद्दाम चाचणी बंद पाडतात. ‘फायदा दिसला म्हणून लवकर थांबवली’ ही धूळफेक आहे. थांबलेल्या चाचण्यांचे आकडे पुरून टाकतात. आणि शेवटी सल्ला: चाचणी थांबल्याची बातमी आली की त्याच रात्री गोळ्या बंद करा, चाचणीवाल्यांचा फोन उचलू नका.

हा शेवटचा आधी घेतो. बाकीचे पाच चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा धोकादायक आहे.

‘त्याच रात्री गोळ्या बंद करा’

हे लिहिणाऱ्याने एकाही औषधासोबतचं माहितीपत्रक उलगडून पाहिलेलं दिसत नाही. बीटा-ब्लॉकर हे हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध अचानक सोडलं तर नाडी धावायला लागते, छातीतलं दुखणं परत येतं, काहींना हार्ट अटॅकही येतो. क्लोनिडीन हे रक्तदाबाचं औषध एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळी मारतो. फिटच्या गोळ्या तडकाफडकी बंद केल्या तर फिट येते, आणि कधीकधी ती आपणहून थांबत नाही. स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. डोस पायरीपायरीने उतरवला नाही तर माणूस गळून जातो, रक्तदाब कोसळतो. हेपटायटिस बी ची औषधं सोडल्यावर विषाणू उफाळून यकृतावर येऊ शकतं. डेनोसुमॅब हे हाडं ठिसूळ झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. पुढचा डोस चुकवला आणि त्याच्या जागी दुसरं औषध दिलं नाही, तर काही रुग्णांचे एकापेक्षा जास्त मणके पिचतात.

एक उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. रिव्हारोक्साबॅन हे रक्त पातळ ठेवणारं औषध वॉरफरिनशी ताडून पाहणारी रॉकेट एएफ ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण १४,००० च्या वर. ती मुदतीआधी थांबलेली नव्हती, रीतसर पूर्ण झाली. शेवटी सगळ्यांना नेहमीच्या उपचारावर, म्हणजे बहुतेकांना वॉरफरिनवर, आणायचं होतं. वॉरफरिनचा परिणाम चढायला काही दिवस लागतात; आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) २ च्या वर जाईपर्यंत रुग्णाला पुरेसं संरक्षण नसतं. जे आधीपासून वॉरफरिनवर होते त्यांचं काही बिघडलं नाही. जे रिव्हारोक्साबॅनवरून आले त्यांच्यात पुढच्या महिनाभरात पक्षाघात जास्त झाले. पुढे त्या औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा आला, की मध्येच बंद केल्यास गुठळीचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध बदलताना हे घडलं. आणि हा फॉरवर्ड सांगतो, रात्री एकट्याने बंद करा.

आणखी एक अडचण आहे. चाचणी ब्लाइंड असेल तर तुमच्या पट्टीत औषध आहे की प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) हे तुम्हाला ठाऊक नसतं, समोरच्या डॉक्टरलाही नसतं. तुम्ही नक्की काय बंद करताय, हेच माहीत नाही. ते कळण्याचा रस्ता फोनच्या पलीकडे आहे. तातडीची गरज पडली तर कोड फोडण्याची, म्हणजे कुणाला काय दिलंय ते उघड करण्याची, सोय चाचणीत ठेवलेली असते.

चाचणी थांबते तेव्हा प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो. सगळ्या केंद्रांना स्पॉन्सरचं, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचं किंवा संस्थेचं, पत्र जातं आणि नवी भरती त्या क्षणी बंद होते. एथिक्स कमिटीला आणि औषध नियामकाला कळवलं जातं. मग सहभागींना बोलावतात: औषध लगेच थांबवायचं, हळूहळू उतरवायचं की चालू ठेवायचं, हे त्या पत्रात लिहिलेलं असतं, आणि ते औषधागणिक वेगळं असतं. शेवटच्या भेटीत तपासणी, रक्त, गरजेप्रमाणे ईसीजी. उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, परत घेऊन मोजतात. म्हणून त्या फेकू नका. त्यानंतर बहुधा ३० दिवस किंवा औषधाच्या पाच अर्धायूंइतका काळ सुरक्षेसाठी फॉलो-अप चालतो. अर्धायू म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. पाच अर्धायू अशासाठी, की तेवढ्या वेळाने शरीरात औषधाचा साधारण ३ टक्के भाग उरतो. अमिओडॅरोनसारख्या औषधाचं अर्धायू आठवड्यांत मोजावं लागतं, म्हणजे गोळी बंद केली तरी औषध महिनोन्‌महिने अंगात असतं.

चाचणी सोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, कधीही आणि कारण न देता. तो वापरायचा असेल तर जरूर वापरा. फक्त ‘औषध घेणं थांबवतो’ आणि ‘माझी विचारपूसही करू नका’ हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि पहिला घेतला म्हणून दुसरा घ्यावा लागत नाही. फोन न उचलणारा माणूस नकळत दोन्ही घेऊन बसतो.

‘थांबली म्हणजे माणसं मेली’

कधी हो. बहुतेकदा नाही. चाचणी मध्येच बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण अगदी नीरस आहे: पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. आणखी एक कारण, पुढे चालवूनही काही सिद्ध होणार नाही असं हिशेबातून दिसणं. करोनाच्या काळात ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गट बंद केला. २८ दिवसांतले मृत्यू औषधाच्या गटात २७ टक्के, नेहमीच्या उपचारात २५ टक्के. फायदा नाही, मग कशाला चालवायचं? आणि कित्येकदा चाचणी नुसती स्थगित असते. सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेका लशीची चाचणी अशीच थांबली आणि ब्रिटनमध्ये आठवड्याभरात पुन्हा सुरू झाली.

आता जिथे माणसं खरोखर मेली ती चाचणी घेऊ: कास्ट, अमेरिका, १९८९. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे ठोके मध्येच चुकत असतील तर ते दाबले की मृत्यू टळतील, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची खात्री होती. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके उत्तम दाबत. प्लासिबो देणंच अनैतिक आहे, असंही काहींना वाटत होतं. सरासरी दहा महिन्यांनी हिशेब असा निघाला: औषधाच्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, प्लासिबोच्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती.

चाचणी एप्रिल १९८९ मध्ये थांबवली आणि ऑगस्टमध्ये प्राथमिक निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. याला लपवणं म्हणत असतील तर म्हणोत. चाचणी झालीच नसती तर ती औषधं तशीच लिहिली जात राहिली असती, आणि ते मृत्यू हृदयरोगाच्या खात्यावर जमा झाले असते. फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, हृदयाची रचना धड असलेल्या रुग्णांत. एका चाचणीत घातक ठरलेलं औषध सगळ्यांसाठी विष ठरत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एवढा बारकावा कुठून झेपणार!

‘कंपनी एकटी ठरवते’

मोठ्या चाचण्यांत आकड्यांवर आणि सुरक्षेवर नजर ठेवणारं डीएसएमबी नावाचं स्वतंत्र मंडळ असतं: त्या आजाराचे डॉक्टर, एक संख्याशास्त्रज्ञ, कधी नीतितज्ज्ञ. गटवार आकडे मंडळाच्या बंद बैठकीत ठेवले जातात आणि तिथे स्पॉन्सरला प्रवेश नसतो. टॉरसेट्रॅपिब या फायझरच्या औषधाचं असंच झालं. चांगलं कोलेस्टेरॉल त्याने ७० टक्क्यांच्या वर वाढवलं होतं, कंपनीची सगळी भिस्त त्याच्यावर होती. मंडळाने आकडे पाहिले: १५,००० हून अधिक रुग्णांत औषधाच्या बाजूला ८२ मृत्यू, दुसऱ्या बाजूला ५१. २ डिसेंबर २००६, शनिवार, त्याच दिवशी कंपनीने चाचणी थांबवल्याचं जाहीर केलं. औषध तिथेच संपलं.

कागदोपत्री मंडळ शिफारस करतं आणि सही स्पॉन्सरची असते, हे खरं. अगदी सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांना बहुधा असं मंडळ नसतं, हेही खरं. आणि हो, पैशाचं गणित बदललं म्हणून कंपन्यांनी चाचण्या गुंडाळल्यात. रक्तदाबावरची कन्व्हिन्स ही १६,६०२ रुग्णांची चाचणी स्पॉन्सरने व्यापारी कारणाने दोन वर्षं आधी बंद केली. २००३ मध्ये ती जामा या नियतकालिकात छापताना संपादकीयाने तिच्यावर कोरडे ओढले, ते योग्यच होतं. इतक्या माणसांनी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या आणि मूळ प्रश्नाचं ठाम उत्तर निघालं नाही. पण इथे मेलेली माणसं लपवली नव्हती, आणि फॉरवर्डचा एकूण रोख तर त्यावरच आहे.

‘लागू पडलं की बंद पाडतात’

यावर फार शाई घालवत नाही. १९८६ मध्ये एड्सवरच्या एझेडटीची चाचणी थांबवली तेव्हा प्लासिबोच्या १३७ जणांत १९ मृत्यू झाले होते, औषधाच्या १४५ जणांत १. ती थांबवली ती प्लासिबोवाल्यांनाही औषध देता यावं म्हणून, आणि मार्च १९८७ मध्ये औषध मंजूर झालं. लागू पडणारं औषध कंपनी विकते. दडवून तिला काय मिळणार?

‘फायद्यामुळे थांबवली ही धूळफेक’

हा मुद्दा थोडासा खरा आहे, पण लिहिणाऱ्याला कळलेल्या कारणासाठी नाही.

फायदा दिसल्यावर लवकर थांबवलेल्या चाचण्या तो फायदा फुगवून दाखवतात. लबाडी नसतानाही. आकडे खालीवर होत असतात. ‘फरक एवढा झाला की थांबवायचं’ अशी आधी ठरवलेली रेघ ओलांडली जाते ती ते योगायोगाने वर असताना. आघाडी सर्वांत मोठी असलेल्या षटकाला सामना थांबवून तोच फरक अंतिम म्हणून लिहिण्यासारखं हे आहे.

किती फुगतो? याचं एक उत्तर २०१० मध्ये जामात आलं. बॅस्लर आणि सहकाऱ्यांनी लवकर थांबलेल्या ९१ चाचण्या त्याच प्रश्नांवरच्या, पूर्ण झालेल्या ४२४ चाचण्यांशी ताडल्या. जोखमीच्या गुणोत्तरांचं आपसांतलं प्रमाण ०.७१ निघालं. साध्या भाषेत: पूर्ण चाचण्यांत औषधाने धोका २० टक्क्यांनी घटत असेल, तर लवकर थांबलेली चाचणी सरासरी ४३ टक्के घट दाखवेल. ज्या चाचण्यांत मोजायच्या घटना (मृत्यू, हार्ट अटॅक वगैरे) ५०० पेक्षा कमी होत्या, तिथे फुगवटा सर्वांत मोठा. म्हणून ‘लवकर थांबवली, जबरदस्त परिणाम’ अशी बातमी आली की रुग्णसंख्या सोडा, घटना किती मोजल्या ते पाहा.

याला आळा घालायची तरतूद आधीच करावी लागते. आकडे मध्ये पाच वेळा पाहिले आणि दर वेळी पी-मूल्य (औषध निरुपयोगी असूनही नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ ची नेहमीची रेघ लावली, तर निरुपयोगी औषधही सुमारे १४ टक्के वेळा ‘लागू पडलेलं’ दिसेल. मध्येच आकडे पाहण्यासाठीच्या ओब्रायन-फ्लेमिंग या पद्धतीत म्हणूनच पहिल्या नजरेला रेघ ०.००००१ इतकी कडक असते आणि शेवटच्या नजरेला ती ०.०४ च्या आसपास येते. हे आराखड्यात पहिला रुग्ण घेण्याआधी लिहिलेलं असावं लागतं. नसेल तर माझाही त्या चाचणीवर विश्वास नाही.

दुसरी खोट: लवकर थांबवलं की लांबचं काही कळत नाही. एझेडटीचंच पाहा. त्या यशानंतर लक्षणं नसलेल्या रुग्णांनाही ते लवकर सुरू करण्याकडे कल गेला. १९९३ मध्ये कॉनकॉर्ड चाचणीने तीन वर्षांचा हिशेब मांडला: लवकर सुरू केल्याने जास्त माणसं जगली नव्हती.

‘आकडे पुरून टाकतात’

काही निकाल उशिरा येतात, काही येतच नाहीत. या तक्रारीत तथ्य आहे. पण चाचणी थांबली ही गोष्टच लपून राहते, हे आता तितकंसं जमत नाही. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी नोंदवहीत जगभरातल्या चाचण्या आहेत आणि कुणालाही त्या फुकट पाहता येतात. तिथे प्रत्येक चाचणीला एनसीटीने सुरू होणारा क्रमांक असतो. थांबलेल्या चाचणीच्या नोंदीत कारणाचा वेगळा रकाना असतो, आणि नोंद कधी कशी बदलली त्याचा जुना इतिहासही उघडून पाहता येतो. त्या इतिहासात मुख्य मोजमाप मध्येच बदललेलं दिसलं, तर शंका घ्यायला ती जागा या फॉरवर्डपेक्षा कितीतरी चांगली.

फॉरवर्डमध्ये असा एकही क्रमांक नाही. ‘हजारो चाचण्या बंद’ एवढंच आहे. त्या हजारोंत ‘सस्पेंडेड’ म्हणजे तूर्त थांबलेल्या येतात, ‘टर्मिनेटेड’ म्हणजे कायमच्या बंद झालेल्या येतात, आणि ‘विथड्रॉन’ही येतात. ‘विथड्रॉन’ चाचणीत एकही माणूस कधी भरती झालेला नसतो. तिथे मेलेले कुठून आणले, ते लिहिणाऱ्याने सांगावं.