"एकदम उरकून टाका" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या आयांचा ग्रुप, जिथे बघावं तिथे एकच मेसेज फिरतोय, खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: दोन मुलांत वर्ष-दीड वर्षाचंच अंतर ठेवा, एकदम उरकून टाका. जोडीने वाढतात, जिवाभावाचे मित्र होतात, ज्ञानेश्वर माउलींची भावंडं बघा. चार-पाच वर्षं थांबलात तर घरात दोन एकुलती एक मुलं वाढतात. आपल्या आज्या दर वर्षी बाळंत व्हायच्या, त्यांना काय झालं? बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहतच नाहीत. पहिलं सिझर असेल तर दुसरंही सिझरच होणार, मग थांबायचं कशाला? खर्च निम्मा, नोकरीतला ब्रेक एकच. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, पस्तिशीनंतर होत नाही, मग रडत बसाल.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू, एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये बाईच्या तब्येतीचा विषय फक्त आज्यांच्या वाक्यात आलाय, तोही "त्यांना काय झालं" असा. अंतर म्हणजे जणू फक्त दोन मुलांचा आपसातला मामला. मधे एक शरीर आहे, ते एका बाळंतपणातून उठून दुसऱ्याला तयार व्हायचंय, हे लिहिणाऱ्याच्या गावीच नाही.

आज्यांपासूनच सुरू करते मग. त्यांना काय झालं हे आपल्याला माहीत नसतं कारण ज्यांना झालं त्या सांगायला राहिल्या नाहीत, आणि ज्या राहिल्या त्यांच्या तोंडी "आठ झाली, पाच राहिली" हे वाक्य इतकं सहज यायचं की आपण ऐकून पुढे जायचो. १९५०च्या दशकात आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १४६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जायची. २०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. एवढा फरक अर्थात नुसत्या अंतराने पडला नाही, लसी आल्या, पाणी सुधारलं, दवाखाने आले, पण तो काळ म्हणजे काही आरोग्याचा सुवर्णकाळ नव्हता एवढं तरी मान्य करा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यासाठी शिव्या खाल्ल्या, पुढे लिखाणावरून खटलेही अंगावर घेतले, ते काय हौस म्हणून? बायका दमल्या होत्या हो.

आता अंतराचं गणित, कारण ह्यात सगळेच गोंधळतात. आपण अंतर म्हणतो ते दोन वाढदिवसांमधलं आणि डॉक्टर मोजतात ते पहिल्या बाळाच्या जन्मापासून पुढचे दिवस राहीपर्यंतचं. म्हणजे मेसेजवाल्याचं "दीड वर्ष" म्हणजे मोठं बाळ जेमतेम नऊ महिन्यांचं असताना आई पुन्हा गरोदर, आणि "एक वर्ष" म्हणजे तर बाळ तीन महिन्यांचं असताना! जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली जिनिव्हात तज्ज्ञांना बसवून जो सल्ला ठरवला तो असा की बाळ झाल्यावर निदान २४ महिने पुढचा प्रयत्न करू नये, म्हणजे दोन वाढदिवसांत साधारण पावणेतीन वर्षं. गर्भपात झाला असेल तर निदान सहा महिने. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना जरा सैल आहे, ते म्हणतात सहा महिन्यांच्या आत तर नकोच, आणि अठरा महिन्यांच्या आत असेल तर धोके समजून घेऊन ठरवा. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण "जितकं लवकर तितकं चांगलं" असं ह्यातलं कुणीच म्हणत नाहीये.

कारणं काही गूढ नाहीत. गरोदरपणात बाईच्या शरीरातून लोह, फोलेट भराभरा जातं, बाळंतपणात रक्त जातं, मग दूध पाजणं, रात्रीची जागरणं. आधीच आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळपास ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, देशात ५७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांचा टँक आधीच रिझर्व्हवर आलेला असतो. त्या लोहाच्या लाल गोळ्या देतात ना, त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, पण घरी आल्यावर सगळा जोर डिंकाच्या लाडवांवर आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये. (लाडू खाच, पण गोळ्या पण.) भरपाई व्हायच्या आधीच पुन्हा दिवस राहिले तर बाळ वेळेआधी होण्याचा, वजन कमी भरण्याचा धोका वाढतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. प्रत्येकीला होईलच असं नाही, तुमच्या ओळखीत वर्षाच्या अंतराने दोन ठणठणीत बाळं असलेली बाई असेलच, माझ्याही आहे, पण धोका वाढतो म्हणजे सगळ्यांनाच होतो असा अर्थ नसतो.

सिझरचा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त घातक वाटतो. महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं, त्याच पाहणीत २५ टक्क्यांच्या वर आकडा आहे, म्हणजे हे वाक्य वाचणाऱ्या कितीतरी जणींना लागू. पोटावरची जखम वरून भरते ते दिसतं, गर्भाशयावरचे टाके आतून भरायला वेळ लागतो ते दिसत नाही. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर कळांच्या वेळी तो जुना व्रण उसवण्याचा धोका वाढतो, आणि तो उसवला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. "दुसरं सिझरच होणार आहे ना" म्हणणाऱ्याला दोन गोष्टी माहीत नाहीत. एक, कळा काही तुमची ऑपरेशनची तारीख विचारून येत नाहीत, त्याआधीच सुरू होऊ शकतात. दोन, पहिल्या सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न बऱ्याच जणींना करता येतो, पण डॉक्टर त्याचा विचार करताना मधे किती वेळ गेलाय हे बघतात, म्हणजे घाई करून तो दरवाजा आपणच लोटून घेतो.

"अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत" ह्यात अर्धं खरं आहे आणि ह्या अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोळ घातलेत. दूध पाजण्याचा गर्भनिरोधक म्हणून उपयोग होतो, ९८ टक्के होतो, पण तीन अटींवर आणि तिन्ही एकदम पाळल्या तरच: पाळी परत आलेली नसावी, बाळाला फक्त आईचं दूध चालू असावं, दिवसरात्र, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. यातली एक जरी अट मोडली की ती खात्री संपली. उष्टावण झालं, बाळ रात्रभर झोपायला लागलं, आई ऑफिसला जायला लागली की हिशोब बदलला. आणि पाळी आली नाही म्हणजे बीज सुटत नाही असंही नाही, बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे पाळी न येताच दिवस राहिलेल्या बायका आहेत आणि त्यांना चौथ्या महिन्यात पत्ता लागलेला असतो.

इथेच एक गोष्ट सांगायलाच हवी जी मेसेजमध्ये लिहिलेली नाही पण मेसेजच्या पाठीमागे बसलेली असते. पहिली मुलगी झाली की "लवकर चान्स घ्या" हे जरा जास्तच लवकर सुरू होतं, बारशाच्या दिवशीसुद्धा ऐकलंय मी. हे नुसतं माझं निरीक्षण नाही. आपल्याच राष्ट्रीय पाहणीचे आकडे घेऊन दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की भारतात मुलींना मुलग्यांपेक्षा कमी काळ अंगावर पाजलं जातं, आणि एक मोठं कारण हे की मुलगा हवा म्हणून पुढच्या गरोदरपणाची घाई असते. म्हणजे "भावंडं मित्र होतात" हे वरचं रॅपर आणि त्या घाईची किंमत कोण देतंय तर आधी झालेली मुलगी, तिच्या वाटच्या दुधातून.

बरं, मैत्रीचं काय? माउलींचंच उदाहरण घेतलंय तर घेऊ. परंपरेने जी जन्मसालं सांगतात ती निवृत्तिनाथ १२७३, ज्ञानदेव १२७५, सोपान १२७७, मुक्ताबाई १२७९. दोन-दोन वर्षं! मेसेजवाल्याचं स्वतःचं उदाहरणच त्याच्या दीड वर्षात बसत नाही. आणि त्यांच्यातली माया जन्मतारखांच्या हिशोबाने आली असं म्हणायचं असेल तर धन्य आहे, आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, समाजाने वाळीत टाकलं, चौघांना चौघांशिवाय कुणी नव्हतं. दुसरीकडे सचिन तेंडुलकरला १९८४ साली शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे घेऊन जाणारा अजित त्याच्यापेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठा, सावत्र भाऊ. ह्या मेसेजच्या नियमाने तर त्यांनी एकमेकांशी बोलायलाही नको होतं. आणि पाठोपाठचे भाऊ म्हणाल तर आमच्या सासरकडे वर्षाच्या अंतराचे दोघे आहेत, बांधावरून कोर्टात तारखा चालू आहेत, वकीलही म्हातारे झाले.

अंतर जास्त असलं की खेळायला जोडी मिळत नाही हे मात्र मी मान्य करते. पाच वर्षांचा मुलगा आणि रांगणारं बाळ एकत्र काय खेळणार, त्याचे ठोकळे बाळाच्या तोंडात. पण मोठ्याच्या बाजूनेही बघा ना, त्याला आईबापाचा निवांत वेळ मिळालेला असतो. अमेरिकेतल्या एका २०१२ च्या अभ्यासात अंतर जास्त असलेल्या घरांत मोठ्या मुलांचे वाचन आणि गणिताचे मार्क चांगले आले होते. माझं स्वतःचं मत, तीन-चार वर्षांचं मूल स्वतः जेवतं, शी-शू सांगतं, "बाळ झोपलंय" म्हटलं की निदान दहा मिनिटं तरी हळू बोलतं, आणि ह्याने आईला जी उसंत मिळते तिची किंमत पैशात होत नाही. फक्त मोठी मुलगी असेल तर तिची आया करू नका एवढंच, "ताई आहे ना" म्हणत म्हणत सगळं तिच्यावर येतं.

खर्च निम्मा हे कुणी काढलं देव जाणे. वर्षाच्या अंतरात कपडे उतरवताच येत नाहीत, मोठ्यालाच अजून लागत असतात, पाळण्यातून मोठं उठलेलं नसतं, डायपर दोन साइजचे. मग दोघांच्या नर्सरीच्या फिया एकदम, आणि बरोबर दोन इयत्तांचा फरक पडला तर एकाची दहावी आणि दुसऱ्याची बारावी एकाच मार्चात, दोघांचे क्लास, घरात टीव्ही बंद, आईबापाचं बीपी चालू. खर्च तेवढाच होतो, फक्त अंगावर एकदम येतो. ज्यांना पेलवतो त्यांनी जरूर करावं.

ब्रेकचं म्हणाल तर २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी प्रत्येकी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती बाळंतपणामागे मिळते, घाई केली म्हणून वाढून मिळत नाही, आणि तिच्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ज्यांना मुळात नोकरीतून बाहेरच पडून काही वर्षं घरी राहायचंय त्यांना सलग दोन झालेली सोयीची वाटू शकतात, त्यांचं खरं आहे, पण ते सगळ्यांचं नाही.

राहिली पस्तिशी. हा एकच मुद्दा आहे जिथे मेसेजला मी पास करते. लग्न तिशीत, पहिलं बाळ तेहतीस-चौतिसाव्या वर्षी, अशा मैत्रिणींना "तीन वर्षं थांब" सांगणं सोपं नाही, वय वाढतं तसं दिवस राहणं अवघड होतं, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. पण म्हणून सहा महिन्यांत पुन्हा? कॅनडात ब्रिटिश कोलंबियात जवळपास दीड लाख गरोदरपणांचा अभ्यास झाला, २०१८ साली आला, त्यात पस्तिशीपुढच्या बायकांत आधीच्या बाळानंतर सहा महिन्यांत दिवस राहिले तर आईचा मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत होण्याचा धोका अठरा महिन्यांनी राहिले तर असतो त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे घाईची गरज ज्यांना सगळ्यात जास्त त्यांच्याच जिवाला घाईचा धोकाही जास्त. त्याच अभ्यासाने म्हटलं की बारा ते अठरा महिने थांबणं पुरेसं ठरावं, पूर्ण दोन वर्षं नाही. हा मधला रस्ता आहे आणि तो आपल्या डॉक्टरबरोबर आपले रिपोर्ट समोर ठेवून ठरवायचा असतो, काकूंच्या फॉरवर्डवरून नाही.

थांबायचं म्हणजे नक्की करायचं काय, हे त्या मेसेजमध्ये अर्थातच नाही. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे: तांबी (कॉपर-टी), दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध. अंगावर पाजत असाल तर छाया चालते, अंतरा सहा आठवड्यांनंतर, पण माला-एन किंवा माला-डी ह्या रोजच्या गोळ्या पहिले सहा महिने नको कारण त्यात इस्ट्रोजन हे हार्मोन असतं, त्याने दूध कमी होऊ शकतं. पहिल्या मुलानंतर तीन वर्षांचं अंतर राहिलं तर आशाताईंना पाचशे रुपये मिळतात, म्हणून त्या मागे लागतात असं म्हणून हसू नका, तुमच्या दारात येऊन हा विषय काढणारी बहुतेक तीच एक असते. तांबी तर बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, दवाखान्यात असतानाच बसवून घेता येते, फक्त ते आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगून ठेवा, कळा सुरू झाल्यावर नाही.