डाव्या हातचा मळ

घोड्यावरून वासरावर सरकफास टाकायला शिकवणारा जो तो उजव्या हाताबद्दलच बोलतो. डाव्याबद्दल चकार शब्द नाही. तो शब्द शेवटी काढला माझ्या सासऱ्यांनी, टेक्ससमधल्या रिंगणाच्या कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत शेंगा फोडत, आणि तोही चारचौघांत.

उजव्याचं काम तसं सरळ आहे. दोराच्या टोकाला छोटा डोळा असतो, त्याला होंडा म्हणतात. त्यातून दोर ओवला की फास तयार. होंड्यापासून साधारण अडीच फुटांवर फास आणि मूळ दोर एकाच मुठीत धरायचे. हे अंतर कमी पडलं की फास डोक्यावरच मिटतो. मनगट सैल ठेवायचं, सोडताना तळवा जमिनीकडे. गवताच्या गठ्ठ्यात प्लास्टिकचं शिंगवालं मुंडकं खुपसून जमिनीवरून सराव केला तर हे कुणालाही जमतं, कारण तेव्हा डावा हात रिकामटेकडा असतो. घोड्यावर बसलं की त्याच हातात लगाम येतो आणि उरलेल्या दोराची वेटोळीही. उजवा फिरायला लागला की डावा नकळत वर जातो, लगाम ताणला जातो आणि घोडा इमानेइतबारे थांबतो.

मामा सांगोल्याचे, उभा जन्म खिलार जनावरांत गेलेला.

"जावईबापू, ते मुंडकं हलत नाही ना?"

"नाही मामा, प्लास्टिकचं आहे."

"मग घावंना कसं?"

मी लगाम, वेटोळी, होंडा असं सगळं शास्त्र समजावलं. मामांनी टरफल फुंकलं.

"म्हणजे डाव्या हातानं घोड्याला थांब म्हणायचं अन् उजव्यानं वासराला ये म्हणायचं. ऐकायचं कुणी?"

मी गप्प.

"आमच्याकडं मूठभर पेंड दाखवली की ओढाळ खोंडसुद्धा दाव्याला येतंय. इथं पेंड मिळत न्हाई का?"

पेंड मिळते. पण खरं सांगायचं तर नवशिक्याला दुकानात बरोबर दोर मिळत नाही. शिंगांसाठीचा दोर तीस-बत्तीस फुटी, मागच्या पायांसाठीचा पस्तिसाच्या आसपास आणि जास्त ताठ. शिकाऊ माणसाला हवा पहिला, मऊ पिळाचा. गळ्यात मारतात तो ताठ. बरं, तो तापलेल्या गाडीत विसरला की बिघडला. पैसे गेले, वर "सराव करा" हा सल्ला फुकट.

सराव म्हणजे काय, तर डावा हात खोगिराच्या शिंगापुढे, म्हणजे खोगिराच्या पुढच्या खुंटीपुढे, खाली रोवून ठेवायचा. घोडा आधी उभा, मग चालीवर, दुडकी फार नंतर. वेटोळी मोजकी घ्यायची आणि ती हाताभोवती कधीच गुंडाळायची नाहीत. फास पडला की दोर खोगिराच्या शिंगाला घड्याळाच्या उलट दिशेनं वेढायचा, अंगठा वर. अंगठा दोराखाली सापडला आणि पलीकडून चार-पाचशे पौंडांचा गोऱ्हा ओढत असला तर अंगठाच तुटतो. अशी माणसं या खेळात भेटतात, आणि हसत हात पुढे करतात.

म्हणून सुरुवातीला ब्रेकअवे बरं. त्यात दोर खोगिराच्या शिंगाला कच्च्या सुतळीनं बांधलेला असतो. वासरू सापडलं की हिसक्यासरशी सुतळी तुटते आणि वासरू दोरासकट पळतं. स्पर्धेची वेळ तिथे थांबते.

मामांनी हे दोनदा सांगायला लावलं.

"धरायचं, सोडायचं, वर दोरबी त्यालाच द्यायचा?" मग आमच्या हिच्याकडे वळून, "पगार बरा आहे ना गं यांचा?"