म्हणे पुणं आता तासावर!

लग्नाच्या पंगतीत पुण्याचा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "आता काय, जळगावहून विमान आहे. तासाभरात पुणं!" मीसुद्धा हेच सांगत फिरायचो. गेल्या हिवाळ्यात मायला घेऊन स्वतः गेलो आणि तोंड बंद झालं.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे. नकाशावर पट्टी ठेवली तर पुणं तीनशे किलोमीटर. धुळे, मालेगाव, मनमाड, नगर असं रस्त्याने गेलं तर पावणेचारशेच्या आसपास. पण विमान काही आमच्या गच्चीवरून उडत नाही! पुणं आमच्या नैर्ऋत्येला आणि विमानतळ पूर्वेला, जळगावच्याही पलीकडे कुसुंब्याला. म्हणजे आधी साठेक किलोमीटर पुण्याकडे पाठ करून जायचं. नंदुरबारवाल्याचं तर विचारूच नका, त्याचे जळगावपर्यंतच दीडशेच्या वर होतात.

सव्वादहाला घर सोडलं. धरणगाव, पाळधीपर्यंत गाडी मस्त पळाली. मग आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली. तिथल्या ट्रॅफिकचं जळगावकरांना सांगायला नको. सव्वाबाराला विमानतळावर.

तिथं वजनकाट्यावर आमची पिशवी. मायने लेकीसाठी भरताची हिरवी वांगी, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ भरलेलं. माणशी पंधरा किलोची मर्यादा आणि काटा कुठल्या कुठे. सगळ्यांसमोर पिशवी उघडून माय एकेक वांगं हातात घेऊन बघत होती, कोणतं ठेवू आणि कोणतं नेऊ! चार किलो वांगी ड्रायव्हरच्या घरी गेली. त्याच्याकडे त्या रात्री भरीत झालं असणार.

दोनला विमान उडालं. पंख्याचं, सत्तरेक सीटचं. पंख वरच्या बाजूला असल्याने खालची शेतं स्वच्छ दिसतात. माय सगळा वेळ काचेला नाक लावून बसलेली. सव्वातीनच्या आत पुण्याच्या लोहगाव विमानतळावर. त्यानंतर सामान, टॅक्सी आणि पुण्याची ट्रॅफिक. वाकडला बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते.

म्हणजे दारापासून दारापर्यंत सात तास, त्यातले हवेत सव्वा. आपली गाडी काढली असती तर साडेसात-आठ.

विमानाला माझा विरोध नाही बरं का. मायचे गुडघे गेलेत. ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवर तिला चढवणं आणि रात्री दोनला ढाब्यावर अंधारात उतरवणं हे मी केलेलं आहे. त्यापेक्षा हे शतपटीने बरं. जळगावात मेहरूणला राहणाऱ्याचा तर वेळही खरोखर वाचतो. माझा राग त्या 'तासाभरात'वर आहे. तो तास धावपट्टी ते धावपट्टी मोजलेला असतो, आणि धावपट्टीवर कोणी राहत नाही.

शिवाय भरवसा किती धरायचा? विमानतळाचं उद्घाटन २०१२ला झालं, नियमित विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडलं, तेही छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेमुळे. मग बंद, मग सुरू, परत बंद, परत सुरू. त्यामुळे पोराचा इंटरव्ह्यू असला की आमच्याकडे आजही आदल्या रात्रीची ट्रॅव्हल्सच बुक होते.

रात्री बहिणीने मायला विचारलं, कसं वाटलं विमान? माय उरलेली वांगी मोजत होती. म्हणाली, "इमान बरं शे. पन वांगा ट्रॅव्हल्समाच धाडजो."