लांडगा सुप्याचा, धडा विस्कॉन्सिनचा

पुण्यातील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत सध्या एक वाद रंगला आहे. पदवीच्या पर्यावरण अभ्यासात अभिजात निसर्गलेखन लावावे की नाही, हा त्याचा विषय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे हा विषय सक्तीचा झाला खरा. पण प्रत्यक्षात तो व्याख्या, टिपा आणि कुठून तरी उतरवून काढलेला एक प्रकल्प एवढ्यावरच आटोपतो. अमेरिकी निसर्गलेखक आणि वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड वाचल्याशिवाय मुलांना संवर्धनाची नीती कळणार नाही, असे एका बाजूचे म्हणणे, तर हे परदेशी चोचले आपल्याला हवेत कशाला, असे दुसरीचे. लिओपोल्ड १९३३ पासून अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ज्या मॅडिसन शहरात प्राध्यापक होते, तिथेच माझे वास्तव्य असल्याने दोन्ही बाजू मला साक्षीला बोलावतात.

इथे मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या १९४९ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकाचे जाहीर वाचन होते. बाहेर अनेकदा बर्फ असतो आणि आत माणसे आळीपाळीने एकेक प्रकरण वाचतात. पुस्तकाचा पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर असा महिन्यांनुसार चालतो. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची (१९५६) वीणही अशीच, फक्त तिथे आरंभ चैत्राने होतो, त्यामुळे परकेपणाचा आक्षेप मला फारसा पटत नाही.

माझी शंका वेगळी आहे. लांडगे मारले की हरणे वाढतील, या समजुतीने तरुणपणी आपण एका लांडगिणीवर गोळ्या झाडल्या आणि तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना पाहिली, असे लिओपोल्ड एका निबंधात सांगतात. पुढे लांडगे संपल्यावर हरणांनी डोंगर कसा बोडका केला, तेही येते. या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या हा निबंध वाचला गेला. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यांनी तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले, मर्यादा ११९ ची असताना. ओजिब्वे आदिवासींनी मात्र आपल्या वाट्याच्या ८१ लांडग्यांपैकी एकही मारला नाही, कारण त्यांच्या परंपरेत लांडगा हा भाऊ आहे. माझ्या मते, ज्याचे वासरू लांडगा नेतो तो शेतकरी त्या वाचनालयात सहसा नसतो, आणि वाचणारे त्याच्या गोठ्यात जात नाहीत. सुंदर गद्यावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुण्याच्या मुलांची सोय याबाबतीत मॅडिसनपेक्षा चांगली आहे, हे मात्र वादात कोणी बोलत नाही. सासवड, सुपे, बारामतीच्या माळांवर लांडगा आजही आहे आणि त्याच माळांवर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, उतरतात. लिओपोल्डची लांडगिणीवरची ती चार-पाच पाने आणि सोबत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधला एखादा उतारा वर्गात वाचावा (वानरांच्या टोळीकडे भाबडेपणा टाळून कसे पाहावे, याचा तो वस्तुपाठ आहे) आणि मग मुलांना वाड्यावर न्यावे. वाघरीतून, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या कुंपणातून, लांडग्याने कोकरू नेले की वनखात्याची भरपाई मिळते. पण कळप घेऊन फिरणाऱ्या माणसाने पंचनाम्यासाठी किती काळ थांबून राहायचे, हे त्यांनी धनगराच्या तोंडून ऐकावे. हा माळ कागदोपत्री ‘पडीक’ का ठरतो आणि त्यावर प्लॉट कसे पडतात, हेही तिथेच विचारता येईल. जमीन म्हणजे निव्वळ मालमत्ता नव्हे, हे लिओपोल्डचे मुख्य म्हणणे. त्याची कसोटी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या प्रभातफेरीपेक्षा इथे अधिक कठोरपणे लागते.

परीक्षेसाठी टिपांऐवजी दोन पानांचे लेखन घ्यावे: लांडगा राहावा असे वाटत असेल, तर त्याची किंमत कोणी आणि कशी द्यावी? दिवाळीनंतर बरेच कळप कोकणाकडे निघतात, म्हणून हा भाग पहिल्याच सत्रात ठेवावा लागेल.